दीड चमचा सोडा

जीभसाहेबांना ढेकर आला तो नेमका मॅनेजरसमोर.

ढेकर कोणालाही येतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं शरीरशास्त्र म्हणतं. पण जीभसाहेब व्हिनेगरच्या कारखान्यात मुख्य चवपरीक्षक होते. टाकीतून आलेला नमुना चमचाभर जिभेवर घ्यायचा, गालात फिरवायचा, थुंकायचा, डोळे मिटायचे आणि आंबटपणाचा टक्का सांगायचा, हे त्यांचं काम. 'पाच' म्हणाले की बाटल्या भरायला लागायच्या. 'पावणेपाच' म्हणाले की सगळा कारखाना थांबायचा. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. पाठीमागे सगळे त्यांना जीभसाहेब म्हणत, आणि तोंडावर नुसतं साहेब. अशा माणसाचं पोट कामाच्या वेळी मत व्यक्त करायला लागलं, तर ते शोभत नाही.

त्यातून मॅनेजरबरोबर एक परका गृहस्थ होता. चकचकीत बूट, हातात त्याहून चकचकीत माहितीपत्रक. तो एक यंत्र विकायला आला होता. नमुना घाला, पाणी घाला, बटण दाबा; आंबटपणाचा टक्का पडद्यावर.

"आणि हे ढेकर देत नाही," मशीनवाला म्हणाला. तो विनोद होता. मॅनेजर हसला. जीभसाहेब हसले नाहीत.

"पंधरवड्याने एक चाचणी घेऊ," मॅनेजर म्हणाला. "यंत्र एकीकडे, तुम्ही एकीकडे. स्पर्धा नाही हो, नुसती तुलना."

ज्या माणसाला वीस-बावीस वर्षं कोणी 'कशावरून?' असं विचारलं नव्हतं, त्याला 'तुलना' हा शब्द कसा लागतो, ते मॅनेजरला कळण्यासारखं नव्हतं. तो हिशेबाच्या खात्यातून आलेला होता.

जीभसाहेब तडक कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ बघितली (ती बघताना त्यांनी उगाचच थोडा आदर दाखवला) आणि म्हणाले, "संध्याकाळी कमी जेवा. जेवल्याबरोबर आडवे होऊ नका. कॉफी कमी करा."

"बस?"

"बस."

औषध नाही, तपासणी नाही, मोठ्या यंत्राखाली झोपवणं नाही. इतका साधा सल्ला मनाला लागत नाही. जीभसाहेबांना वाटलं, आपल्या दुखण्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही. दुखण्यालाही काही प्रतिष्ठा असते.

ती प्रतिष्ठा त्या दुखण्याला जीभसाहेबांच्या इमारतीच्या तळमजल्यावर मिळाली. तिथे विमाकाका राहत. त्यांनी आयुष्यभर लोकांना मरणाची भीती घालून विमे विकले होते. निवृत्तीनंतर ते भीती फुकट घालत. जीभसाहेबांना जिन्यात छातीवर हात ठेवलेलं पाहिलं आणि काकांनी त्यांना दंडाला धरून घरात नेलं.

"आम्ल," काका म्हणाले. "तुझं सगळं शरीर आम्ल झालंय, राजा. नोकरी कसली तुझी? दिवसभर व्हिनेगर तोंडात. रक्तात मुरणार नाही तर काय होणार?"

"काका, मी ते थुंकतो."

"थुंकतोस, पण विचार तोच ना मनात?"

काकांनी कपाटातून कागदाच्या पट्ट्या काढल्या. पट्टी तोंडात धरायची. तांबूस झाली तर आम्ल, निळसर झाली तर अल्कलाइन. जीभसाहेबांची पट्टी तांबूस झाली. ते कारखान्यातून थेट आले होते, तेव्हा ती दुसरी कुठली होणार होती, हा मुद्दा त्या क्षणी दोघांनाही सुचला नाही. काकांनी पट्टी उजेडात धरली आणि अशा चेहऱ्याने मान हलवली, की जीभसाहेबांना विम्याचा हप्ता थकल्यासारखं वाटलं.

मग काकांनी आहार सांगितला. चहा बंद, कॉफी बंद, अंडी बंद, चीज बंद, पांढरा ब्रेड बंद. चालेल काय, तर काकडी, पालक, बदाम, कोबी आणि लिंबू.

"लिंबू?" जीभसाहेब दचकले. लिंबाच्या बाबतीत त्यांना फसवणं शक्य नव्हतं. "लिंबू आंबट असतं, काका."

"जिभेला आंबट. पोटात गेलं की अल्कलाइन."

"मग व्हिनेगर?"

"ते पोटात गेलं की आम्लच."

"कशावरून?"

"आता तू मलाच विचारणार?" काका दुखावले. त्यांना दुखावलेलं पाहून जीभसाहेबांनी विश्वास ठेवला. पुष्कळ शास्त्रं अशीच पसरतात.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत भूगोल शिकवत असे. समुद्र, वाळवंट आणि ज्वालामुखी रोज हाताळणाऱ्या बाईला नवऱ्याच्या पोटातल्या आगीचं विशेष वाटत नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?" तिने विचारलं.

"काही नाही. कमी जेवा म्हणाले."

"मग?"

"अगं, हे रक्ताचं आहे. रक्त आम्ल झालंय."

"रक्त आम्ल झालेला माणूस अतिदक्षता विभागात असतो, अहो. तो जिन्यात काकांशी गप्पा मारत नाही. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बघून घेतात रक्ताचं. ती तुमच्या काकडीची वाट बघत बसलेली नाहीत."

"तुझा विषय भूगोल आहे."

"आणि काकांचा विमा," ती म्हणाली, आणि काकडी चिरायला घेतली. तिचं हे असंच होतं. मत द्यायची आणि काकडीही द्यायची.

चार-सहा दिवस काकडी, पालक आणि कोबी यांच्या संगतीत गेले. कोबीने ढेकर कमी झाले नाहीत, फक्त त्यांची जात बदलली. जीभसाहेब चिडचिडे झाले. पट्टी रोज तांबूसच. शेवटी काका म्हणाले, "तुझं आम्ल जुनं आहे. मुरलेलं. याला सोडा पाहिजे. खायचा सोडा पाण्यात घालायचा आणि दिवसभर घोट घोट घ्यायचा. अरे, हा जवळचा रस्ता आहे, म्हणून सगळ्यांना सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी जीभसाहेब सोड्याची पुडी खिशात घालून कारखान्यात निघाले, आणि गेटवर अडकले.

गेटवरचा रखवालदार माजी सैनिक होता. तो रोज जीभसाहेबांना सलाम करायचा, आणि सलाम केल्यावर झडती घ्यायचा. दोन्हीत कसूर नाही.

"हे काय, साहेब?"

"सोडा आहे. खायचा."

"पांढरी पावडर," रखवालदार म्हणाला.

"सोडा आहे म्हणतो ना."

"तुम्ही म्हणता तो सोडा. मला दिसते ती पांढरी पावडर. आणि साहेब, सोडाच असला तर आणखी वाईट. आंबटाच्या कारखान्यात सोडा म्हणजे काय? अख्खी टाकी फुसकी होईल. नियमच आहे."

जीभसाहेबांना नियम ठाऊक होता, कारण तो त्यांनीच करायला लावला होता. पुडी जप्त झाली, पाकिटात गेली, पाकिटाला लाख लागली आणि ते तपासणीसाठी कारखान्याच्या प्रयोगशाळेकडे रवाना झालं. प्रयोगशाळा म्हणाली, आम्ही व्हिनेगर तपासतो. अनोळखी पावडर हे सुरक्षा विभागाचं काम. सुरक्षा विभाग म्हणाला, आमच्याकडे कुत्रा आहे, प्रयोगशाळा नाही. पाकीट दोन्ही खात्यांच्या मधल्या टेबलावर पडून राहिलं.

"पावडर चालत नाही, तर चालतं काय?" जीभसाहेबांनी कंटाळून विचारलं.

"पाणी चालेल की," रखवालदार म्हणाला. "पाणी घरून आणायला कोणाला मनाई नाही."

झालं. जीभसाहेबांच्या घरी प्लास्टिकचा एक पांढरा कॅन होता. कारखान्यात शुद्ध पाणी अशाच कॅनमधून येई आणि रिकामे कॅन कामगारांपासून साहेबांपर्यंत सगळेच घरी नेत. गावातल्या निम्म्या बाल्कन्यांमधली झाडं त्यांत वाढत होती. जीभसाहेबांनी आपला कॅन धुतला, पाण्याने भरला, त्यात दीड चमचा सोडा ढवळला आणि नेऊन चाखणीच्या खोलीत कारखान्याच्या कॅनशेजारी ठेवला. ओळखू यावा म्हणून त्यावर चिठ्ठी लावावी असं एकदा मनात आलं. पण चाखणीच्या खोलीत चिठ्ठ्यांना बंदी होती. डिंकाच्या आणि शाईच्या वासाने नाक बिघडतं, असा शोध जीभसाहेबांनीच पूर्वी लावला होता आणि त्या खोलीतल्या एकूण एक चिठ्ठ्या स्वतः खरवडून काढल्या होत्या. आपलाच नियम आपणच कसा मोडायचा? आपला कॅन डावीकडचा, हे लक्षात ठेवलं की झालं.

लक्षात त्यांनी ठेवलंही. फक्त ते दुसऱ्या कोणाच्या लक्षात असायचं कारण नव्हतं.

चाचणीचा दिवस उजाडला. मशीनवाल्याने यंत्र टेबलावर मांडलं. त्याला नमुना पातळ करायला शुद्ध पाणी हवं होतं. त्याने हात लांब केला आणि हाताशी आलेला कॅन उचलला. तो डावीकडचा होता. जीभसाहेब त्या वेळी डोळे मिटून चित्त एकाग्र करत उभे होते. मग त्या एकाग्रतेच्या भरात त्यांनीही त्याच कॅनमधून पेला भरून घेतला, खळखळून चूळ भरली आणि चमचा उचलला.

व्हिनेगर जिभेवर आलं आणि त्यांना धक्काच बसला. फिकं होतं. पाणीदार. एवढं फिकं व्हिनेगर त्यांच्या कारकिर्दीत त्या टाकीतून आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा चूळ भरली, पुन्हा चाखलं. तेच.

"तीन," ते म्हणाले. स्वतःच्या आवाजावर त्यांचा विश्वास बसेना.

यंत्र थोडं गुरगुरलं. पडद्यावर आकडा आला. तीन.

मॅनेजरने पडद्याकडे पाहिलं, जीभसाहेबांकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. नुकतंच जन्मलेलं मूल वडिलांवर गेलंय असं कळल्यावर लोक पाहतात, तसं.

"कमाल आहे," मशीनवाला म्हणाला. त्याच्या आवाजात खरा आदर होता. "नुसत्या जिभेने?"

"वास तर नेहमीसारखा येतोय," दारातून फोरमन म्हणाला. "माझे डोळे चुरचुरतायत. तीनला चुरचुरत नाहीत."

"दोघांचा आकडा एक आला, फोरमन," मॅनेजर म्हणाला. "एकाचं चुकू शकतं. दोघांची सारखीच चूक कशी होईल?"

हे तर्कशास्त्र निर्दोष होतं. त्यात फक्त एक कॅन राहून गेला होता.

हुकूम सुटला. टाकीत कडक आम्ल ओतायचं, आकडा पाचवर येईपर्यंत. दुपारपर्यंत ओतणं चाललं. जीभसाहेब डावीकडच्या पाण्याने चूळ भरत, चाखत आणि सांगत. यंत्र डावीकडचंच पाणी पिई, मोजी आणि मान डोलावी. तिकडे टाकीवरचे कामगार तोंडाला फडकी बांधून खोकत होते. संध्याकाळी दोघांनी एकमताने 'पाच' सांगितलं. सकाळच्या पाळीत बाटल्या भरायचं ठरलं.

निघताना मॅनेजरने जीभसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "यंत्र घेऊच आपण. पण तुम्हालाही सोडत नाही. यंत्र बरोबर आहे की नाही हे कळायला तुम्ही लागणारच." जीभसाहेब जमिनीपासून चार बोटं वर तरंगत घरी आले. हातात ताज्या व्हिनेगरची बाटली होती. प्रत्येक टाकीची एक बाटली घरी नेऊन जेवणाबरोबर खाऊन बघायची, ही त्यांची जुनी पद्धत होती.

जेवायला विमाकाका होते. पट्टी बघायला म्हणून आले आणि बसले. जीभसाहेबांची पट्टी आज गडद निळी आली होती. काकांचा ऊर भरून आला.

"जिंकलास," काका म्हणाले. "शरीर बदललं की नशीब बदलतं, राजा."

बायकोने काकडी-कोबीवर नवं व्हिनेगर शिंपडलं आणि ताट पुढे केलं. काकांनी मोठा घास घेतला. मग काकांनी काहीच केलं नाही. नुसते बसले. चेहरा हळूहळू पट्टीसारखा तांबूस झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तोंडातून एक बारीक शिट्टी आली.

"काका?" बायको म्हणाली. तिने चमच्याच्या टोकाला लावून चाखलं आणि चमचा खाली ठेवला. "अहो, हे काय आणलंत?"

"पाच टक्के," जीभसाहेब म्हणाले. त्यांनी शांतपणे दोन घास खाल्ले, घरी घोट घोट घ्यायला भरून ठेवलेल्या बाटलीतलं सोड्याचं पाणी प्यायले आणि आणखी एक घास घेतला. "अगदी पाच. यंत्राचाही पाचच आला."

"तुमच्या यंत्राला इथे बोलवा. काका श्वास शोधतायत, त्याचा आकडा काय येतो ते बघू."

"तुला सवय नाही."

"बावीस वर्षं दुसरं काय खाल्लं मी या घरात?" ती उठली. नळाचं पाणी पेल्यात भरून तिने त्यांच्यासमोर ठेवलं. "ती बाटली बाजूला ठेवा. याने चूळ भरा. नीट. दोनदा. आता चाखा."

बायकोसमोर हट्ट करण्यात अर्थ नसतो म्हणून जीभसाहेबांनी चूळ भरली. चमचा तोंडात घातला.

पुढचे काही क्षण ते काकांच्या शेजारी बसून शिट्टी वाजवत होते.

"सात," आवाज फुटल्यावर ते म्हणाले. खाडकन म्हणाले, डोळे मिटायचंही विसरून. आणि मग त्यांना डावीकडचा कॅन आठवला. मशीनवाल्यानेही तोच उचलला असणार हे लक्षात आलं, कारण डोळे मिटलेले असले तरी कॅन टेबलावर ठेवल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता, आणि तो डावीकडून आला होता.

बायको काकांना दूध पाजत होती.

जीभसाहेब बसून राहिले. कॅन ओतून टाकला, तर कोणाला काही कळणार नव्हतं. बाटल्या जातील, लोक खोकतील, तक्रारी येतील, मॅनेजर यंत्राकडे बोट दाखवेल. आणि सांगितलं तर? ज्याच्या जिभेला दीड चमचा सोडा कळला नाही, तो कसला चवपरीक्षक? पुढची वाक्यं मॅनेजरच्या आवाजात आपोआप ऐकू येत होती.

"काय करणार?" बायकोने एवढंच विचारलं.

"लोक ते मुलांच्या ताटात घालतील गं," जीभसाहेब म्हणाले.

सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधीच ते गेटवर पोहोचले. रखवालदाराने सलाम केला आणि अडवलं.

"पाळीची घंटा झाल्याशिवाय आत नाही, साहेब."

"मला रोज सोडतोस की आधी."

"रोज तुमच्या नावावर पावडर प्रलंबित नसते. कालच आदेश आला. पावडरीचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला घंटेआधी सोडायचं नाही."

"अरे, तो सोडा आहे."

"तसा अहवाल यायला हवा."

गजांच्या पलीकडे, अंगणात, फोरमन बाटल्या भरायचा पट्टा चालू करायच्या तयारीत होता. जीभसाहेबांनी दोन्ही हातांनी गज धरले.

"फोरमन, बाटल्या भरू नका."

"काय?"

"भरू नका म्हणतो. पाच नाही. सात आहे."

फोरमन गजांजवळ आला. पाळीवर आलेले कामगार जीभसाहेबांच्या मागे गोळा होऊ लागले होते. बाटलीखात्यातल्या बायका डबे सावरत पुढे सरकल्या. मोफत करमणूक सकाळी सकाळी मिळत नाही.

"सात कसं?" फोरमन म्हणाला. "काल दोघांनी पाच सांगितलं."

"पाणी वाईट होतं."

"कुठलं पाणी?"

जीभसाहेब शक्य तितक्या हळू म्हणाले, "माझं. त्यात सोडा होता."

"काय होतं?" फोरमनच्या मागे बॉयलर चालू होता.

"सोडा. खायचा. मी घातला होता."

"कशाला?"

या प्रश्नाला सन्माननीय उत्तर असतं तर जीभसाहेबांनी ते दिलं असतं. "तब्येतीसाठी," ते म्हणाले.

मागे कोणीतरी हसू दाबलं आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी नाकातून बाहेर आलं. बाटलीखात्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं, साहेब हल्ली कोबी खातात." रखवालदाराने मात्र वही काढली. पावडरीच्या प्रकरणात आरोपीचा कबुलीजबाब आयता मिळत होता.

मॅनेजर आला, मशीनवाला आला. चाखणीच्या खोलीत डावीकडचा कॅन टेबलाच्या मधोमध ठेवला गेला आणि सगळे त्याच्याभोवती शोकसभेला जमल्यासारखे उभे राहिले.

"म्हणजे तुमच्या जिभेला सोडा कळला नाही," मॅनेजर म्हणाला. वाक्य अगदी तेच होतं.

"नाही कळला," जीभसाहेब म्हणाले.

"यंत्राचा यात दोष नाही," मशीनवाला घाईने म्हणाला. "यंत्राला जे पाणी दिलं, त्यात जे उरलं, ते यंत्राने अचूक मोजलं."

"मग मीही," जीभसाहेब म्हणाले.

कॅन मशीनवाल्याने स्वतःच्या हाताने उचलला होता, हे त्यालाही आठवत असावं.

"पण एक गोष्ट आहे," दारातून फोरमन म्हणाला. "साहेब आज गेटवर येऊन सांगून गेले. हे इथेच बसून होतं." त्याने यंत्राकडे हनुवटीने खूण केली.

मॅनेजरने टाकीत पाणी सोडायचा हुकूम दिला. टाकी भरून वाहायला लागली, म्हणून अर्धं व्हिनेगर शेजारच्या टाकीत काढलं आणि दोन्हीकडे पाणी सोडलं. मग नमुना आला. उजवीकडचा कॅन आला. मॅनेजरने आधी स्वतः त्यातलं पाणी प्यायलं, मशीनवाल्याने प्यायलं, फोरमनलाही प्यायला लावलं. एवढ्या साक्षीदारांसमोर आजवर कोणी पाणी प्यायलं नसेल.

जीभसाहेबांनी चूळ भरली. व्हिनेगर जिभेवर घेतलं, गालात फिरवलं, थुंकलं. डोळे मिटले. खोलीत नुसता यंत्राचा गुरगुराट होता.

"पाच पूर्णांक एक," ते म्हणाले.

फोरमन दारातून दिसेनासा झाला.

यंत्राने कालच्या सोड्याचा धसका घेतला असावा. ते गुरगुरलं, थांबलं, पडद्यावर 'पुन्हा धुवा' असं आलं. मशीनवाल्याने धुतलं. पुन्हा 'पुन्हा धुवा'. तो घामाघूम झाला. बऱ्याच वेळाने आकडा उमटला. पाच.

"पाच आणि पाच पूर्णांक एक," मॅनेजर म्हणाला. "फरक आहे."

"यंत्र दशांशाच्या पुढेही अचूक असतं," मशीनवाला म्हणाला.

"टाकीच्या तळाशी थोडं दाट राहतं," जीभसाहेब म्हणाले. "नमुना तळाचा आहे."

"मग बरोबर कोण? मला एक आकडा लिहायचाय," मॅनेजर म्हणाला. त्याने पेन काढलं आणि दोघांकडे आळीपाळीने बघू लागला. मशीनवाल्याने आणखी एकदा धुवायला परवानगी मागितली.

फोरमनने दारातून डोकं आत घातलं. अंगावर ताज्या व्हिनेगरचा वास होता.

"तुमचं चालू द्या सावकाश," तो म्हणाला. "साहेब पाच-एक म्हणाले तेव्हाच पट्टा सोडला. पहिली गाडी गेली."